शेऱ्याचा रकाना

हवामान खात्याची चाकरी पत्करणाऱ्या माणसाने वर्षाचे ऋतू चार मानावेत, असा त्या खात्याचा दंडक आहे. जानेवारी आणि फेब्रुवारी हा हिवाळा, मार्च ते मे हा मोसमी पावसाच्या आधीचा काळ, जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी पावसाचा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या पावसाच्या नंतरचा. म्हणजे चारांपैकी तिघांची ओळख एकट्या पावसाच्या नात्यानेच करून दिलेली. मला ही वाटणी मनापासून मान्य होती. मूर्तिजापूरकडच्या कोरडवाहू मुलखात वाढलेल्या मुलाला उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा यांहून अधिक ऋतूंशी व्यवहार करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. सहा ऋतू असतात हे मी शाळेत घोकले होते. परंतु शरद आणि हेमंत ही मंडळी कालिदासाच्या आश्रयाला राहतात, आपल्या शिवारात ती फिरकत नाहीत, अशीच माझी धारणा होती. त्यामुळे पुण्याचे प्रशिक्षण आटोपून कलकत्त्यास रुजू होण्याचा हुकूम हाती पडला, आणि जेथे ट्रामचा कंडक्टर, मासळीवाला आणि हायकोर्टातला वकील हे तिघेही सहा ऋतू सारावसुलीच्या हप्त्यांइतके निश्चित धरून चालतात अशा शहरात उमेदीची वर्षे काढण्याचा योग आला, तेव्हा मला त्या लोकांच्या काव्यप्रेमाचे प्रथम कौतुक वाटले आणि मग थोडी कीवही आली.

सुरुवातीची काही वर्षे दमदमच्या विमानतळावर आणि पुढची बहुतेक नोकरी अलीपूरच्या वेधशाळेत गेली. निरीक्षकाचे काम सांगायला सोपे आहे. ठरलेल्या वेळी हिरवळीवरच्या पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीपाशी जावे, कोरड्या आणि ओल्या मलमलीच्या तापमापींवरील आकडे वाचावेत, वायुभार पाहावा, पर्जन्यमापकातले पाणी मोजावे, आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी व्यापले आहेत ते ठरवावे, आणि हे सारे सांकेतिक आकड्यांत गुंफून पुढे रवाना करावे. पहाटेची साडेपाचची नोंद, सकाळची साडेआठची, संध्याकाळची साडेपाचची. पाळ्या बदलत, वेळा बदलत नसत. नोंदवहीत आकड्यांसाठी रकानेच रकाने असत आणि अगदी उजव्या कडेला, समासाला टेकून, शेऱ्यासाठी एक अरुंद रकाना असे. त्यात 'दव', 'धुके', 'दूरवर गडगडाट' असे एकदोन शब्द मावत. माझे बंगाली ऋतूंचे शिक्षण त्या अरुंद रकान्यापासून सुरू झाले, कारण मला तेथे काय लिहावे हे कळत नसे, आणि माझ्याआधी पाळी संपवून गेलेल्या बंगाली सहकाऱ्याने तेथे नेमके काहीतरी लिहिलेले असे.

बंगाली वर्ष सौर आहे. सूर्य मेष राशीत आला की एप्रिलच्या मध्याला पोयला बैशाख येतो. चांद्र तिथींवर सण-व्रते चालतात हे खरे, पण महिने सूर्याच्या हिशोबाने जातात, आणि अधिक महिन्याची भानगड त्यांच्याकडे नाही. त्यातून मराठी माणसाची मोठी गंमत होते. आपला चैत्र वर्ष उघडतो. त्यांचा चैत्र हा वर्षाचा शेवटचा महिना. महाराष्ट्र मंडळात गुढीपाडवा साजरा करून बाहेर पडावे, तो फुटपाथवर वर्ष संपण्यापूर्वी जुना माल काढून टाकण्यासाठी 'चैत्र सेल'चा गिल्ला चाललेला असे. पुढे पोयला बैशाखला दुकानादुकानांतून लाल कापडी बांधणीच्या नव्या वह्या गणपतीपुढे पूजल्या जात, गिऱ्हाइकांनी जुनी बाकी चुकती करावी आणि मिठाईचा पुडा घेऊन जावे असा तो हालखात्याचा दिवस. ऋतूंचाही हिशोब त्यांनी असाच आपल्या सोयीने मांडला आहे. आपल्या पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख हा वसंत. त्यांनी फाल्गुन-चैत्र वसंताला दिले आणि बैशाख-ज्येष्ठ ग्रीष्माला. मे महिन्याच्या मध्यावर वऱ्हाडातल्या कोणा शेतकऱ्याला 'सध्या वसंत चालू आहे' असे सांगून पाहावे म्हणजे दोहोंपैकी कोणती मांडणी हवेला धरून आहे ते कळेल.

वेधशाळेत सूर्यप्रकाश मोजण्यासाठी एक भरीव काचेचा गोळा असतो. त्यातून एकवटलेले ऊन मागच्या निळ्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर जळकी रेघ ओढीत जाते, आणि रेघेच्या लांबीवरून त्या दिवशी किती तास ऊन पडले ते काढतात. या पट्ट्या तीन प्रकारच्या असतात: उन्हाळ्याची लांब आणि वक्र, हिवाळ्याची आखूड आणि वक्र, आणि दोन्ही विषुवांच्या आसपासची सरळ. दिवस मावळल्यावर पट्टी बदलणे हे आमच्यातल्या सर्वांत कनिष्ठाचे काम. एका वयस्क सहकाऱ्याने, जो मला नेहमी 'दादा' म्हणे आणि माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा होता, मला एकदा त्या तीन गठ्ठ्यांपुढे उभे करून विचारले की तुमचे चार ऋतू यांत दाखवा पाहू. सरळ पट्टी मार्चच्या आरंभी चढते ती एप्रिलच्या मध्यापर्यंत, म्हणजे पोयला बैशाखपर्यंत. दुसऱ्यांदा ती सप्टेंबरच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे आश्विन सरेपर्यंत. पहिला काळ त्यांच्या वसंतात बसतो, दुसरा शरदात. हा आकाशातल्या भूमितीचा योगायोग आहे, हे त्यालाही ठाऊक होते आणि मलाही. तरी त्या संध्याकाळपासून बंगाल्यांच्या शरदाकडे केवळ कवितेचा विषय म्हणून पाहणे मला जमेना.

ग्रीष्माबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण आकड्यांवरचा माझा भाबडा विश्वास प्रथम तेथे ढळला. आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला टेकतो. कलकत्त्यात तो छत्तीस-सदतिसाशी घुटमळतो. एवढ्या आकड्यावरून मी पहिल्या वर्षी घरी मोठ्या तोऱ्याने लिहिले की येथील उन्हाळा सौम्य आहे. परंतु ओल्या मलमलीची तापमापी वेगळीच साक्ष देत होती. वऱ्हाडात भर दुपारी ती बावीस-तेविसावर असते, म्हणजे कोरड्या तापमापीच्या वीस अंश खाली, आणि म्हणून वाळ्याचा पडदा भिजवला की खोली गार होते. कलकत्त्यात ती सत्तावीस-अठ्ठाविसाच्या खाली यायला तयार नसे, त्यामुळे वाळा, माठ, भिजवलेला पंचा ही आमची सारी वडिलोपार्जित हत्यारे तेथे बोथट होत. घाम येतो आणि सुकत नाही, एवढ्यात बंगाली ग्रीष्माचे सार आहे.

हाच घाम कालबैशाखी नावाच्या उन्हाळी वादळाचे इंधन असतो. खाडीवरून येणारा दमट दक्षिण वारा जमिनीलगत वाहत असतो; त्याच्यावरून छोटा नागपूरच्या पठाराकडचा तापलेला, कोरडा पश्चिम वारा जातो; हे एकावर एक बसलेले थर झाकण ठेवल्यासारखे दुपारपर्यंत दबून राहतात आणि मग तिसऱ्या प्रहरी पठाराच्या बाजूला कोठेतरी फुटतात. रांची, जमशेदपूर, मग पुरुलिया-बांकुडा अशा क्रमाने गडगडाटाच्या वार्ता येऊ लागल्या की संध्याकाळच्या पाळीचे लोक वायव्येकडच्या खिडकीशी जमत. आधी दक्षिण वारा पडे. झाडाचे पान हलत नसे, आणि क्षितिजावर काळ्या ढगाची एक सरळ कड चढून येई. मग धुळीचा लोट, मग वाऱ्याचा झपाटा, वायुभारलेखकाची शांतपणे उतरत आलेली लेखणी एकदम वर उडी मारी आणि तापमान पाव तासात दहा-दहा अंशांनी कोसळे. त्या गडबडीत नोंदी करताना कानांवर जो कोलाहल येई तो मात्र भीतीचा नसे. आसपासच्या आवारांतली पोरे पडलेल्या कैऱ्या वेचायला धावत असत आणि त्यांच्या आया वीज पडेल म्हणून त्यांना हाका मारीत असत.

या वादळाचा इशारा देण्यात वाकबगार असा एक वरिष्ठ माझ्या दमदमच्या दिवसांत होता. नकाशे, फुग्यांचे अहवाल, रडार, सारे पाहून झाल्यावर तो उठून व्हरांड्यात जाई आणि मानेवरून हात फिरवी. दक्षिण वाऱ्याचा ओलावा सकाळपासून किती वाढला हे त्याला त्या हाताला कळे, असे इतरजण विनोदाने म्हणत. पण विमानांना द्यायचा इशारा तो व्हरांड्यातून परत आल्यावरच लिहीत असे. आपले शरीर हेही एक उपकरण आहे आणि त्याचीही दुरुस्ती-तपासणी करीत राहावी लागते, हे मी त्याच्याकडून शिकलो. शास्त्राचा अधिक्षेप करण्याचा त्याचा हेतू नसे. नकाशा आणि मान यांत तफावत पडली तर तो पुन्हा नकाशाकडे जाई.

पावसाळ्यात माझे आणि माझ्या वडिलांचे एक विलक्षण नाते जुळले, जे मी घरी असताना कधी जुळले नव्हते. मोसमी वारा बंगालमध्ये आपल्याकडच्यासारखा पश्चिमेच्या समुद्रावरून येत नाही. उपसागराची शाखा उत्तरेकडे चढते, हिमालयाने अडून वळते आणि गंगेच्या खोऱ्यात आग्नेयेकडून किंवा पूर्वेकडून शिरते. मग जुलै-ऑगस्टमध्ये उपसागराच्या शिरोभागी, म्हणजे जवळजवळ आमच्या दारातच, कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि वायव्येच्या रोखाने चालू लागतात. ओरिसा, छत्तीसगड ओलांडून तीन-चार दिवसांत त्यांचा पाऊस विदर्भावर पडतो. मी ज्या वर्तुळाला सकाळी नकाशावर पेन्सिलीने रेखावे, ते आठवड्याच्या आत आमच्या शेतातली पऱ्हाटी भिजवणार असे. वडिलांना हे एकदा समजावून सांगितल्यापासून त्यांची पत्रे नेमाने येऊ लागली. मृग कोरडा गेला, आर्द्राही तशाच चालल्या आहेत, तुमच्या समुद्रात काही आहे काय, अशी त्यांची पृच्छा असे. मी पोस्टकार्ड टाकी. ते हावड्याहून निघून गावी पोहोचेपर्यंत पाऊस त्याच्या आधी पोहोचलेला असे, आणि वडील उलट टपाली कळवीत की तुमचे पत्र आणि पाणी दोन्ही मिळाले, ओल वीतभर गेली. शेती सोडून सरकारी नोकरीला गेलेल्या मुलाचा शेतीला काही उपयोग होतो, हे त्यांना त्या वर्षांत पटले असावे. ते तसे कधी बोलले नाहीत.

त्यांचे मृग आणि आर्द्रा यांमुळेच मला बंगाली आषाढातल्या अंबुबाचीचा उलगडा झाला. साधारण २२ जूनला, सूर्य आर्द्रा नक्षत्रात जाताच, तीन दिवस धरित्री रजस्वला मानतात. नांगर धरायचा नाही, खणायचे नाही. ज्या माशीमांच्या घरात मी भाड्याने राहत होतो त्या विधवा बाई ते तीन दिवस चूल पेटवीत नसत. सूर्यनक्षत्राची तीच खूण, तीच जमीन भिजण्याची वेळ. आमच्याकडे ती पेरणीची घाई लावते आणि त्यांच्याकडे ती नांगर थांबवते. खनाच्या नावाने चालत आलेली शेतकऱ्यांची वचने तेथे प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी असतात, जशी आपल्याकडे सहदेव-भाडळीची. माघाच्या अखेरीचा पाऊस शुभ आणि अग्रहायणातला अशुभ, हा त्यांतला एक सिद्धान्त मी जुन्या नोंदींवरून पडताळून पाहण्याचे मनात आणले होते. पण अग्रहायणात भात कापून शेतात पडलेले असते, तेव्हा पडताळण्यासारखे त्यात काही राहिले नव्हते.

भाद्र महिना सरकारी हिशोबाने ऐन मोसमी पावसाचा आणि बंगाली हिशोबाने शरदाचा पहिला. खरे सांगायचे तर तो दोघांचाही नाही. वारा पडतो, ऊन चटका देते, ताडाची फळे पिकवणारी उष्णता म्हणून तिची ख्याती आहे, आणि बायका ट्रंकांतले रेशमी कपडे व कपाटांतली पुस्तके गच्चीवर उन्हात मांडतात. १७ सप्टेंबरच्या सुमारास विश्वकर्म्याची पूजा येते, भाद्र संपतो, त्या दिवशी कलकत्त्याच्या आभाळात पतंगच पतंग. त्यानंतर आश्विन लागला की आकाशाची जात बदलते: थरांचे करडे ढग जाऊन कापलेल्या कडांचे, एकेकटे पांढरे ढग येतात, रेल्वेच्या दुतर्फा काश फुलतो, आणि शिउलीची, म्हणजे आपल्या पारिजातकाची, फुले पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पडून पाणी मुरण्याची वाट अडवतात. मी शेऱ्याच्या रकान्यात 'नरसाळे साफ केले' असे लिही. त्याच जागी माझा सहकारी 'शिउली' एवढेच लिहून मोकळा होई.

महालयेच्या, म्हणजे आपल्या सर्वपित्री अमावास्येच्या, पहाटेची पाळी मी कोणाला देत नसे. आकाशवाणीवर चार वाजता 'महिषासुरमर्दिनी' लागते, १९३१ पासूनचा हा प्रघात, आणि वीरेंद्रकृष्ण भद्रांचा तो कापरा, चढत जाणारा आवाज गल्लीतल्या प्रत्येक घरातून एकाच वेळी ऐकू येतो. १९७६ साली तो बदलून चित्रपटाच्या लोकप्रिय नटाचा आवाज घालून पाहिला, तेव्हा शहर असे खवळले की पुढल्या वर्षी पहिला पाठ मुकाट्याने परत आणावा लागला. कार्यक्रम संपत येई आणि माझी साडेपाचची नोंद करण्याची वेळ होई. पायाखालचे गवत दवाने ओले लागे. ऋतू बदलल्याची घोषणा रेडिओवरून होते आणि लोक ती मानतात, याचे मला हसू येई. परंतु वर्षानुवर्षे त्या पहाटे ओल्या मलमलीचा आकडा आदल्या पंधरवड्यापेक्षा थोडा उतरलेला दिसू लागला, तेव्हा हसण्याचे कारण उरले नाही.

तरीही पंचांगावर हवाला ठेवून चालत नाही. १९७८ च्या सप्टेंबरअखेर, महालया तोंडावर आलेली असताना, गंगेच्या खोऱ्यावर असा पाऊस कोसळला की कलकत्ता दिवसेंदिवस पाण्यात राहिले आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून नद्यांनी गावे बुडवली. आम्हांला पाळी संपवून घरी जाता येईना आणि दुसऱ्या पाळीला येता येईना. कचेरीतच चिवडा आणि चहा यांवर दिवस निघाले, पर्जन्यमापक ठरल्या वेळेआधीच पुन्हापुन्हा रिकामे करावे लागले. बाहेर अर्धवट बांधलेल्या मांडवांचे बांबू पाण्यातून वर आलेले दिसत. आम्हां महाराष्ट्रीयांना तर बंगाली आश्विनाचा एक जुना हिशोबही चुकता करायचा आहे. १७४२ साली भास्करपंत कोल्हटकरांनी काटव्याजवळ छावणी टाकून दुर्गापूजा मांडली. नदी भरलेली असल्यामुळे नबाब पलीकडेच अडून राहील असा त्यांचा कयास असावा, पण अलीवर्दीखानाने रातोरात होड्यांचा पूल बांधून ऐन पूजेत छावणी उधळली. माशीमा आपल्या नातवाला झोपवताना बर्गी, म्हणजे मराठे स्वार, आले म्हणून भीती घालणारी प्रसिद्ध अंगाई म्हणत, आणि बर्गी माडीवर भाडे भरून राहतो आहे, याची त्यांना मधूनच आठवण होऊन खालून मोठ्याने हसू ऐकू येई.

हेमंताला मात्र मी सर्वांत उशिरा ओळखले, आणि तोच माझा आवडता ठरला. कार्तिक-अग्रहायण या दोन महिन्यांना आपल्याकडे स्वतंत्र चेहरा नाही; आपण दिवाळी म्हणतो आणि थंडीला लागतो. कलकत्त्याचे तापमान पाहिले तर तेथेही काही घडत नाही, कमाल पारा तीस-एकतिसावर सुस्त पडून असतो. बदल घडतो तो ओलाव्यात आणि वाऱ्याच्या दिशेत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत जो दवबिंदू पंचवीस-सव्वीस अंशांवर ठाण मांडून बसतो, तो कार्तिकात पायरीपायरीने उतरतो. वारा दक्षिणेचे तोंड सोडून उत्तरेकडे वळतो. रात्री आकाश निरभ्र होऊन जमीन निवते आणि पहाटे दव पडते. बंगाली माणूस या दवाला, 'हिम' म्हणून, भयंकर भितो. पुण्याची आठ-नऊ अंशांची थंडी अंगावर काढलेला मी पातळ सदऱ्यात फिरे आणि वीस अंशांत कानटोपी घातलेले सहकारी माझ्याकडे अनाथ पोराकडे पाहावे तसे पाहत. त्यांच्या टोपीची मी पुष्कळ थट्टा केली. पण दवाची सुरुवात आणि उत्तर वाऱ्याची सुरुवात या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत हे कळल्यावर, टोप्या कोणत्या आठवड्यात बाहेर पडतात याकडे मी नियमाने लक्ष ठेवू लागलो.

कार्तिकात काही घरांवर बांबूच्या टोकाला पितरांसाठी आकाशप्रदीप लावतात. त्याच दिवसांत आमच्या रात्रीच्या फुग्याला आम्ही मेणबत्ती पेटवलेला कागदी कंदील बांधून सोडीत असू, म्हणजे थिओडोलाइटच्या दुर्बिणीतून तो दिसत राहावा आणि वरच्या वाऱ्यांचा वेग काढता यावा. पावसाळ्यात तो दोन मिनिटांत ढगात गडप होई. हेमंतात मात्र कितीतरी वेळ टिपता येई. शेजारच्या वाडीतल्या एका म्हातारबुवांनी एकदा फाटकापाशी येऊन अत्यंत गंभीरपणे विचारले की सरकार हा दिवा कोणाच्या पितरांसाठी सोडते. पाळीवरच्या आमच्या माणसाने तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले की १८६४ च्या वादळात गेलेल्यांसाठी. म्हातारबुवा नमस्कार करून गेले.

हे उत्तर थट्टेचे असले तरी पोकळ नव्हते. ५ ऑक्टोबर १८६४ चे ते चक्रीवादळ बंगालमध्ये 'आश्विनेर झड' म्हणून सांगितले जाते. हुगळीत चढलेल्या समुद्राच्या लाटेने आणि वादळाने सुमारे साठ हजार माणसे गेली, आणि त्यानंतरच्या दुष्काळाच्या धक्क्यासह तोच अनुभव १८७५ साली हे खाते स्थापन होण्याचे एक कारण झाला. भर पावसाळ्यात उपसागरात मोठी चक्रीवादळे सहसा होत नाहीत. ती होतात बैशाख-ज्येष्ठात आणि आश्विन-कार्तिकात. पुस्तकांतला शांत, धुकट हेमंत हा आमच्या दफ्तरात सर्वांत अधिक धास्तीचा काळ असे, आणि भात शेतात पिकून उभे असताना त्याची धास्ती दुप्पट होई. १२ नोव्हेंबर १९७० ला पूर्व बंगालच्या किनाऱ्यावर गेलेल्या वादळाचे नकाशे मी हाताळले आहेत. कार्तिकाचे शेवटचे दिवस होते ते. लाखो माणसे एका रात्रीत गेल्याच्या बातम्या पुढे कित्येक दिवस येत राहिल्या, आणि कलकत्त्यावर त्या आठवड्यात काय होते म्हणाल, तर शेऱ्याच्या रकान्यात पहाटेच्या नोंदीपुढे 'दव' लिहिलेले होते. त्या एका शब्दानंतर मी ऋतूंवरची ललित वर्णने वाचणे बरेच दिवस सोडून दिले होते.

हिवाळ्यात पर्जन्यमापक केंद्रांच्या तपासणीसाठी जिल्ह्यांत जावे लागे. नदिया जिल्ह्यात पौषाच्या एका पहाटे खजुरीच्या झाडावरून रसाची मडकी उतरवणाऱ्या गाछीशी माझी गाठ पडली. खोडाला खाच पाडून काही दिवस रस घेतात, मग झाडाला दोन-तीन दिवस विश्रांती देतात. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रात्रीचा रस सर्वांत उत्तम, आणि त्याचाच तो सुवासिक नवा गूळ, जो संक्रांतीच्या पिठ्यांत घालतात. मी हवामान खात्याचा आहे हे कळताच त्याने कामाचा प्रश्न विचारला: आज रात्री ढग येणार काय? रात्र थंड आणि स्वच्छ असली की रस निवळ राहतो. ढग आले, हवा उबारली की तो पांढुरका होतो, आंबतो, आणि त्याचा गूळ धरत नाही. पश्चिमेकडून येणारे हिवाळी विक्षोभ बंगालवर ढग आणतात आणि रात्रीचे तापमान दोन-चार अंशांनी चढवतात, हे मला ठाऊक होते. त्या दोन-चार अंशांना काही किंमत असते आणि ती कोणा एका माणसाच्या चुलीवरच्या कढईत मोजली जाते, हे मी तोपर्यंत ध्यानात घेतले नव्हते. पुढे आमच्या कचेरीतून जाणाऱ्या रात्रीच्या अंदाजात 'अंशतः ढगाळ' हे शब्द लिहिताना माझा हात जरा जपून चालू लागला.

वसंताबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो असतोही थोडक्यात. पलाश आणि शिमूल फुलतात, शांतिनिकेतनात गुलाल उधळतात, दक्षिण वारा पुन्हा सुरू होतो आणि पाहता पाहता शिमुलाची बोंडे फुटून त्यांचा कापूस आमच्या उपकरणांत शिरू लागतो. निरीक्षकाला वसंत म्हणजे झाडू.

अलीपूरच्याच आवारात राष्ट्रीय पंचांगाचे गणित करणारा एक छोटा विभाग होता. मेघनाद साहांच्या समितीने १९५५ साली अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारी पंचांग सुरू झाले, त्याचे हे काम. तेथील मंडळी मधल्या सुट्टीत आमच्याकडे येत आणि बंगाली महिन्यांना ऋतूंनी कसे मागे टाकले आहे ते सिद्ध करून दाखवीत. वर्ष नक्षत्रांवर धरले आहे, ऋतू मात्र विषुवावर चालतात. संपातबिंदू सरकतो म्हणून सुमारे बहात्तर वर्षांत एका दिवसाची तफावत पडते, ती साठत साठत आता तेवीस दिवसांवर आली आहे. दुरुस्ती केली नाही तर काही हजार वर्षांनी पोयला बैशाखला मोसमी पाऊस सुरू झालेला असेल. गणित बिनचूक होते. आमच्यातल्या कोणी त्याचा प्रतिवाद केला नाही आणि कोणाच्या घरी ते पंचांग लागलेही नाही. भिंतीवर गुप्त प्रेसची पंजिका असे, फारच सुधारक असला तर विशुद्ध सिद्धान्ताची, आणि या दोहोंत एकादशी कोणती खरी यावर मात्र कडाक्याचे वाद होत. टिळक पंचांगाच्या घरात वाढलेल्या माणसाला ते अगदी घरचे वाटत.

निवृत्तीपूर्वी कार्यभार सोपवताना केरळातून नुकताच आलेला एक तरुण निरीक्षक माझ्या जागी यायचा होता. छापील नियमपुस्तकातले सर्व त्याला पाठ होते, म्हणून मी त्याला बाहेरचे सांगत बसलो: चैत्रात पर्जन्यमापकाचे नरसाळे रोज पाहावे, कापूस असतो, बैशाखात तिसऱ्या प्रहरानंतर वाऱ्याचा कागद बदलायला काढू नये, आश्विनात फुले, कार्तिकात कालीपूजेच्या आगेमागे हिरवे शामापोके दिव्यावर झेपावून दौतीत आणि वहीत पडतात, तेव्हा रात्रीची नोंद दिवा दूर ठेवून करावी आणि सकाळी पान उलटण्यापूर्वी झटकावे, अग्रहायणात ओल्या मलमलीची बाटली लवकर रिकामी होऊ लागते, कारण हवा कोरडी झालेली असते, पौषात संध्याकाळी चुलींचा धूर जमिनीलगत साचतो, दृश्यता मोजताना त्याला धुके म्हणू नये. त्याने सारे टिपून घेतले आणि विचारले की अग्रहायण म्हणजे इंग्रजी कोणता महिना. मी सांगणार तेवढ्यात आमचा नदियाचा शिपाई पुढे झाला. असे मधूनच सांगून काही कळायचे नाही, म्हणाला, आणि त्याने खिळ्यावरची पंजिका काढून टेबलावर उघडली. संध्याकाळची साडेपाचची नोंद करून मी परत आलो तेव्हा ते दोघे भाद्रापर्यंत पोहोचले होते.